लष्कराच्या भाकऱ्या

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत इंग्रजी आणि इतिहास शिकवते. अभ्यासक्रम लवकर आटोपला की ग्रंथालयातलं एखादं सोपं केलेलं इंग्रजी पुस्तक वर्गात वाचून घ्यायचं, ही माझी जुनी सवय. दोन वर्षांपूर्वी आठवीच्या वर्गात फ्रान्सिस हॉजसन बर्नेट यांचं ‘अ लिटल प्रिन्सेस’ चाललं होतं. १९०५ सालचं पुस्तक. हिंदुस्थानात जन्मलेली सारा लंडनच्या एका बोर्डिंगात येते, बाप मरतो, पैसा जातो आणि तिला तिथेच माळ्यावर राहून मोलकरणीची कामं करावी लागतात. शेजारच्या घरात एक हिंदुस्थानी नोकर येतो. त्याचं माकड कौलांवरून तिच्या खोलीत शिरतं आणि सारा त्या नोकराशी चक्क हिंदुस्थानीत बोलते. माझ्या मुलांना ही जागा फार आवडली. लंडनच्या छपरावर कुणीतरी आपल्यासारखं बोलतंय, याचंच त्यांना अप्रूप.

या नोकराचं नाव रामदास. पण लेखिका त्याला पुन्हा पुन्हा ‘लास्कर’ म्हणते.

“टीचर, लास्कर मतलब?” पुढच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत मागच्या बाकावरून आवाज आला, “लश्कर! वो नहीं क्या, लश्कर-ए...” पुढचा शब्द त्याने गिळला. दोघं-तिघं हसली. मग एकदम शांतता झाली. एका मुलाने उघड्या दाराकडे पाहिलं. ही मुलं २००८ साली जन्मलेलीही नव्हती. तरी कुठला शब्द कुठे मोठ्याने म्हणायचा नाही, हे त्यांना पाठ होतं.

मी म्हटलं, “इम्तिहान में नहीं आएगा. आगे पढ़ो.”

आणि आम्ही पुढे वाचलं.

शिक्षकाने द्यायचं सगळ्यांत वाईट उत्तर म्हणजे हे. मला अर्थ ठाऊक नव्हता असंही नाही. तो शब्द माझ्या घरातल्या ट्रंकेत, छापील आणि शिक्क्यानिशी, पडून होता.

माझे नाना लास्कर होते. दापोली तालुक्यातल्या खाडीकाठच्या गावातले. मुंबईहून सुटणाऱ्या विलायती कंपन्यांच्या बोटींवर त्यांची पंचवीस-तीस वर्षं गेली. मी अकरा वर्षांची असताना, १९९९ साली, ते गेले. त्यांच्या जहाजाच्या नोकरीचे कागद नानी एका पत्र्याच्या ट्रंकेत ठेवायची. घरात त्या कागदांना ‘नळी’ म्हणत. पूर्वी खलाशी ते गुंडाळून पत्र्याच्या नळीत ठेवत असत, म्हणून नळी. गोव्याकडचे खलाशीही हाच शब्द वापरतात. त्यातल्या एका पिवळट कागदावर नानांचा हुद्दा इंग्रजीत लिहिलेला आहे: कसाब.

जहाजावर कसाब म्हणजे कोठार सांभाळणारा, दिवे-दोर-रंग यांचा हिशेब ठेवणारा माणूस. नाना आधी भंडारीच्या हाताखाली लागले, मग खलाशी झाले आणि शेवटी कसाब. नानीला त्या हुद्द्याचा अभिमान होता. “खलाशी कोणीपण होतो, कसाब व्हायला लिहितावाचता याया लागता,” ती म्हणायची.

२००८ च्या नोव्हेंबरात मी पदवीच्या शेवटच्या वर्षाला होते. त्या तीन रात्रींत मुंबईने काय पाहिलं ते सांगायला नको. आमच्या ओळखीतला एक माणूस तेव्हा सीएसटीवर गोळी लागून जखमी झाला. पुढच्या काही दिवसांत वर्तमानपत्रांत दोन शब्द रोज मोठ्या अक्षरांत येऊ लागले. एक त्या संघटनेचं नाव, दुसरं पकडल्या गेलेल्या त्या पोराचं. लष्कर आणि कसाब. आमच्या ट्रंकेतल्या एकाच कागदावर हे दोन्ही शब्द होते. मामूने एका रात्री तो कागद काढला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाला, “हे जाळून टाकूया. उद्या कोणी बघितलं तर काय समजावणार?” नानीने कागद त्याच्या हातातून काढून घेतला. “तुझ्या बापाशीची नळी हाय ती,” एवढंच म्हणाली. कागद वाचला. पण ट्रंकेच्या तळाशी, गोधडीखाली गेला आणि त्यानंतर घरात कुणी ‘नाना कसाब होते’ असं म्हटल्याचं मला आठवत नाही.

तर त्या आठवीच्या तासानंतर मी तो शब्द नीट शोधायला घेतला. थोडं उशिराच.

बी.एड.ला असताना कॉलेजच्या ग्रंथालयात ‘हॉब्सन-जॉब्सन’ नावाचा जाडजूड कोश चाळला होता, तो आठवला. हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल या दोघांनी हिंदुस्थानातल्या इंग्रजांच्या तोंडी बसलेले देशी शब्द त्यात गोळा केले. १८८६ साली तो छापला गेला. कोशाचं नावच मुळी मोहरमच्या मिरवणुकीतल्या ‘या हसन, या हुसेन’ या आक्रोशाचं गोऱ्या शिपायांच्या कानांनी केलेलं कडबोळं आहे. आपल्या खलाशी शब्दाचं इंग्रजांनी ‘क्लासी’ केलं होतं, तेही त्यात सापडतं. मला वाचताना हसू आलं. नाना आणि क्लासी!

लास्करचं मूळ फारसी ‘लश्कर’. म्हणजे फौज, फौजेचा तळ. अरबीतल्या ‘अस्कर’शी त्याचं नातं उघड आहे, पण कुणी कुणापासून घेतलं यावर पंडितांचं एकमत नाही. काहींच्या मते अरबांनी फारसी लश्कर ऐकला, त्यातला ‘ल’ आपल्या ‘अल्’ या प्रत्ययातला समजून सोडून दिला आणि अस्कर उरला. शब्दाचा तुकडा असा मोडून पडावा आणि त्याने स्वतंत्र संसार थाटावा, ही मला मोठी गमतीची गोष्ट वाटते. अस्करचा तो संसार पूर्व आफ्रिकेपर्यंत गेला. तिथल्या स्वाहिली भाषेत ‘अस्करी’ म्हणजे शिपाई, पहारेकरी. नाना मोम्बासाची एक गोष्ट सांगायचे. गोदीच्या फाटकावरचा अस्करी रात्री उशिरा परतणाऱ्या खलाशांना अडवायचा आणि पान-तंबाखू घेतल्याशिवाय आत सोडायचा नाही. लास्करला अस्करीने अडवायचं! त्या दोघांनाही आपण एकाच घरातले, हे माहीत असायचं कारण नव्हतं.

फौजेचा शब्द दर्यावर कसा गेला, हे पोर्तुगीजांचं काम. सोळाव्या शतकात त्यांनी आपल्या चाकरीतल्या देशी शिपायांना ‘लास्करीम’ म्हणायला सुरुवात केली. सिलोनमध्ये तर पोर्तुगीज गेले, डच आले, डच गेले, इंग्रज आले, तरी देशी शिपायांचं नाव लास्करीनच राहिलं. इंग्रजांनी या शब्दाची वाटणी केली. जमिनीवर तोफा ओढणारा तो गन-लास्कर, तंबू ठोकणारा तो टेंट-लास्कर आणि जहाजावरचा देशी खलाशी तो नुसता लास्कर. पहिले दोन मागे पडले, तिसरा टिकला. म्हणजे मुळात जो अख्ख्या फौजेचा शब्द होता, तो हळूहळू फौजेतल्या सगळ्यांत खालच्या माणसाचा झाला आणि मग फौजेतूनही बाहेर पडला.

मराठीत मात्र त्याने आपली इभ्रत राखली. लष्कर म्हणजे सैन्य, दुसरं काही नाही. पुण्याच्या कॅम्पाला जुनी माणसं लष्करच म्हणतात. ग्वाल्हेरला दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये तळ टाकला, त्या तळाचं शहर झालं आणि त्याचं नाव लष्कर पडलं. आणि नसत्या उठाठेवीला आपण ‘लष्कराच्या भाकऱ्या भाजणं’ म्हणतो. नानी हे फार म्हणायची. शेजारणीच्या भांडणात मी पडले की, “चालली लष्कराच्या भाकऱ्या भाजायला.” नाना पडवीतून ओरडायचे, “अगो, मी भाजल्यात! पैसे पण मिळाले!” भंडारीच्या हाताखाली त्यांनी शंभर-शंभर चपात्या लाटल्या होत्या. मला वाटतं, अख्ख्या महाराष्ट्रात ही म्हण शब्दशः जगलेला माणूस आमच्याच घरात असेल.

उर्दूच्या शिक्षिकेसाठी यात आणखी एक गाठ आहे. आमच्याकडे मुलांना पहिल्यापासून पढवलेलं एक वाक्य असतं: उर्दू लश्करी ज़बान है. उर्दू हा तुर्की शब्द, अर्थ तळ, छावणी. हाच शब्द पोलंडमार्गे युरोपात शिरताना त्याला पुढे ‘ह’ चिकटला आणि इंग्रजीत त्याचा ‘होर्ड’ झाला. होर्ड म्हणजे लुटारूंची झुंड! घरी तहजीब, परदेशात झुंड. बाकी आमच्या त्या वाक्यातही फारसा दम नाही. शम्सुर्रहमान फारुकी यांनी दाखवून दिलं आहे की ‘उर्दू-ए-मुअल्ला’ म्हणजे शिपायांची छावणी नव्हे, तर शाहजहानाबाद, बादशहाची दिल्ली. त्या शहराची बोली ती उर्दू. वेगवेगळ्या मुलखांचे शिपाई बाजारात भेटले आणि खिचडी भाषा तयार झाली, ही गोष्ट ऐकायला छान, पण नंतर रचलेली. तरी मी ती बरीच वर्षं शिकवली, हे कबूल करते.

खरीखुरी लश्करी जबान होती, पण ती दिल्लीत नव्हती. ती जहाजांवर होती. थॉमस रोबक नावाच्या इंग्रजाने १८११ मध्ये कलकत्त्याला इंग्रजी आणि हिंदुस्थानी असा जहाजी कोश छापला. देशी खलाशांना हुकूम कसे द्यायचे, ते गोऱ्या अधिकाऱ्यांना कळावं म्हणून. पुढे १८८२ मध्ये जॉर्ज स्मॉल यांनी तो सुधारून काढला, तेव्हा त्याला नावच दिलं ‘लस्करी डिक्शनरी’. त्या भाषेत हिंदुस्थानी होती, पोर्तुगीज होती, अरबी-फारसी होती, मलयीही होती. शीड उतरवण्याचा ‘आरिया’ हा हुकूम पोर्तुगीज. सुकाण धरणारा सुखानी, अरबीतल्या ‘सुक्कान’वरून. जहाजाची डावी बाजू ‘डावा’ आणि उजवी ‘जमना’. डावा आमचा, जमना गुजराती. वाफेची जहाजं आली तेव्हा त्या भाषेने नवे शब्द घडवले आणि किती सरळ घडवले! भट्टीपुढचा आगवाला, कोळसा ओढणारा कोयलावाला, यंत्राला तेल घालणारा तेलवाला. सगळ्यांवर सारंग, त्याखाली टंडेल. सारंग फारसीतल्या ‘सरहंग’चा, म्हणजे सेनापतीचा. आमच्या कोकणात सारंग आणि तांडेल ही आडनावं आहेत. सारंग आमच्यातही, हिंदूंतही. नाखवाही तसंच. दर्याने दिलेली आडनावं, त्यांना जातधर्म नंतर चिकटला.

इंग्रजी साहित्यात लास्कर भेटतो तो बहुतेक वेळा वाईट जागी. चार्ल्स डिकन्सच्या १८७० च्या शेवटच्या, अपुऱ्या राहिलेल्या कादंबरीत तो सुरुवातीलाच अफूच्या अड्ड्यात पडलेला आहे. शेरलॉक होम्सच्या १८९१ च्या एका कथेत तर अफूचा अड्डा चालवणारा बदमाश लास्करच. बर्नेटबाईंचा रामदास त्या मानाने देवमाणूस. पण तो खलाशी नाहीच, घरगडी आहे. म्हणजे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लास्कर या शब्दात दर्याही उरला नव्हता. काळा, पागोट्यातला, पूर्वेकडचा माणूस एवढंच उरलं होतं. मॉरिशसमध्ये त्याचं भलतंच झालं. तिथल्या क्रिओल बोलीत ‘लास्कर’ म्हणजे मुसलमान. एका शब्दाला लोक किती कामाला लावतात!

कायद्याच्या पुस्तकात मात्र या शब्दाचा अर्थ अगदी नेमका होता. तो वाचून मी बराच वेळ बसून राहिले.

१६६० च्या कायद्याने आशियातून माल आणणाऱ्या इंग्रज जहाजावर तीन चतुर्थांश खलाशी इंग्रज असणं सक्तीचं होतं. तरी माणसं कमी पडत, वाटेत मरत, पळून जात, म्हणून परतीच्या प्रवासासाठी लास्कर भरत आणि लंडनला पोचल्यावर त्यांना वाऱ्यावर सोडत. हिवाळ्यात रस्त्यावर मरणारे हे लोक पाहून १८५७ मध्ये लंडनच्या लाइमहाउस भागात परदेशी खलाशांसाठी एक निवास उघडलं गेलं. १८५७! इकडे काय चाललं होतं आणि तिकडे काय. १८२३ च्या कायद्याने लास्कर हा ब्रिटिश खलाशी धरायचा नाही, असं ठरवलं होतं. पुढे करारच असा झाला की लास्करला विलायतेत मोकळं सोडायचं नाही, परत हिंदुस्थानात आणून सोडायचं. त्याची पगाराची पायरीच वेगळी. गोऱ्या खलाशाच्या पाव हिश्शाच्या आसपास, कधी त्याहूनही कमी. आणि झोपायची जागा? १९०६ च्या कायद्याने ब्रिटिश खलाशाला जहाजावर १२० घनफूट जागा ठरवली. लास्करला ३६.

म्हणून कंपन्यांना लास्कर हवा असायचा. पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा ब्रिटिश व्यापारी जहाजांवर पन्नास हजारांच्या घरात लास्कर होते. पी अँड ओच्या बोटींवर डेकवर आमचे रत्नागिरीकडचे आणि गुजरातचे, भट्टीपुढे पंजाब-सरहद्दीकडचे, जेवणघरात गोव्याचे. कलकत्त्याहून सिल्हेटचे भरत; त्यातलेच काही पुढे लंडनला उतरून राहिले आणि त्यांनी खाणावळी काढल्या.

नानांचे थोरले भाऊ दुसऱ्या महायुद्धात बोटीबरोबर गेले. कागद आला, माणूस आला नाही. आम्ही कोकणी मुसलमान शाफई. आमच्याकडे समोर मय्यत नसतानाही जनाज्याची नमाज पढता येते. गावच्या मशिदीत ती पढली गेली. त्या युद्धात बुडालेल्या अविभाजित हिंदुस्थानच्या जवळजवळ सहा हजार व्यापारी खलाशांची नावं मुंबईला मस्जिद बंदरच्या खलाशी निवासात स्मारक म्हणून जपली आहेत. तसंच स्मारक चितगावला आहे. पहिल्या महायुद्धातल्या दोन हजारांहून अधिक खलाशांचं स्मारकही मुंबईत तिथेच. कलकत्त्याला हुगळीकाठी बंगाल-आसामच्या ८९६ लास्करांसाठी १९२४ मध्ये मनोरा उभारला. मी मस्जिद स्टेशनवरून शेकडो वेळा गेले असेन. मेमन मोहल्ल्यात खरेदीला जायचं आणि परत यायचं. तिथे नानांच्या भावाचं नाव असू शकेल, हे आता, चाळिशीच्या उंबरठ्यावर कळतंय. नानी असती तर तिला घेऊन गेले असते. तीही आता नाही.

दुसऱ्या आठवड्यात वर्गात गेले. पुस्तक उघडायच्या आधी मी फळ्यावर तो शब्द इंग्रजीत लिहिला आणि ट्रंकेतला कागद पिशवीतून काढून टेबलावर ठेवला. मुलं उठून जवळ आली. मी त्यांना ३६ घनफुटांचा हिशेब घातला: लांबी सहा फूट, रुंदी दोन, तर उंची किती? गणित सोपं होतं. “तीन,” सगळी म्हणाली. मग पुढच्या बाकावरची तीच मुलगी हळूच म्हणाली, “टीचर, ये तो कब्र का नाप है.” मी उत्तर दिलं नाही. खरं तर सुचलं नाही.

हुद्द्याचा शब्द त्यांनीच वाचला. अक्षर अक्षर लावून. वाचल्यावर एकमेकांकडे पाहिलं. मी म्हटलं, “हां, वही. मेरे नाना जहाज़ पे कसाब थे.” आवाज थोडा कापला असावा, कारण पोरं नको तितकी शहाण्यासारखी गप्प राहिली. मग एक मुलगा म्हणाला, त्याचं आडनाव सारंग आहे, तर त्याचे पूर्वजही लास्कर असतील का? मी म्हटलं, लास्करांचे साहेब असतील. त्याला फार आनंद झाला. बाकीच्यांनी त्याला दिवसभर ‘सरहंग साब’ म्हणून पिडलं.

मागच्या बाकावरचा तो मुलगा मात्र तोवर काही बोलला नव्हता. तास संपल्यावर वही घेऊन आला. त्याने तो शब्द उर्दूत लिहून घेतला होता, एकेक हर्फ सुटा: लाम, शीन, काफ, रे. खाली फळ्यावरचं इंग्रजी स्पेलिंग. दोन्हींत बोट फिरवून म्हणाला, “टीचर, इसमें शीन था. इंग्लिश में शीन किधर गया?”

हे मात्र मला ठाऊक होतं. पोर्तुगीज माणूस ‘एस’ लिहितो, पण तो ‘सी’च्या आधी आला की त्याचा उच्चार ‘श’सारखा करतो; लिस्बनमध्ये हा शब्द आजही कुणी वाचला तर ‘लश्कार’च ऐकू येईल. इंग्रजांनी त्यांची अक्षरं घेतली, उच्चार घेतला नाही.

“मतलब शीन पोर्तुगीज लोगों के पास रह गया?”

“हां.”

त्याने वहीत शीनभोवती पेन्सिलीने एक गोल काढला आणि डबा खायला पळाला.